कॉलेजात न जाता चित्रकार व्हायचंय? के. एच. आरांच्या वाटेनं कसं जायचं

बरेच जण विचारतात की आता वय तिशी-पस्तिशीचं झालं, नोकरी आहे, घर आहे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं राहूनच गेलं, मग आता चित्रकला शिकता येते का. येते. मी स्वतः बत्तिसाव्या वर्षी सुरुवात केली, ऑफिस आणि घर सांभाळून, आणि गेली अकरा वर्षं रोज थोडं थोडं करतेय, त्यातून जे हाताला लागलं ते इथं लिहितेय. पण फक्त माझ्या अनुभवावर विसंबू नका. ज्यांच्याकडे बघून मला धीर आला त्या चित्रकार कृष्णाजी हौलाजी आरांची गोष्ट आधी सांगते कारण पुढचं सगळं तिथूनच सुचलंय.

आरांचा जन्म १९१४ चा, हैदराबादजवळच्या बोलारमचा. सात वर्षांचे असताना घर सोडून मुंबईत आले, आणि मग लोकांच्या गाड्या धुणं, घरकाम करणं यावर पोट भरलं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले. चित्रं काढायची ती कामातून उरलेल्या वेळात, राहायच्या छोट्याशा खोलीत. टाइम्स ऑफ इंडियात कलेवर लिहिणारे रुडी फॉन लायडन यांच्या नजरेला ती चित्रं पडली, त्यांनी पाठ थोपटली, आणि १९४२ मध्ये मुंबईतल्या चेतना रेस्टॉरंटमध्ये आरांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन लागलं. १९४४ ला गव्हर्नरचं बक्षीस. १९४७ ला सुझा, रझा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, म्हणजे नव्या धर्तीचं काम करणाऱ्या चित्रकारांचा गट. आणि १९५२ ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते कशाला, तर दोन जगांच्या चित्राला. म्हणजे पाणी ओतायचे जग हो. कुठली लढाई नाही, पुराणातला प्रसंग नाही, टेबलावरचे दोन जग. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि मांडणीवरची भांडी नुसती बघत उभी राहिले.

तर पहिली गोष्ट जागेची. स्टुडिओ हवा, उत्तरेचा उजेड हवा, ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी हवी असं म्हणत बसलात तर पाच वर्षं अशीच जातील. एक टेबल पुरतं, आणि ते टेबल रोज रिकामं करावं लागत असेल तर किमान वस्तू मांडलेला एक कोपरा तरी असा ठेवा की ज्याला घरात कोणी हात लावणार नाही. मी कपाटावरचा एक फळीचा तुकडा ठरवून घेतला, त्यावर मांडणी करायची आणि चार-पाच दिवस ती हलवायची नाही. घरच्यांना एकदा नीट समजावून सांगा, ऐकतात. उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. खिडकीचा असेल तर रोज त्याच वेळी बसा, रात्री बसत असाल तर वरची ट्यूब बंद करून बाजूला टेबल लॅम्प लावा. चारी बाजूंनी उजेड असला की वस्तू सपाट दिसते आणि आपल्याला वाटतं की आपल्याला काढताच येत नाही.

दुसरी गोष्ट विषयाची. महाराष्ट्रात शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना वस्तुचित्र म्हटलं की अजून पोटात गोळा येतो, ती बादली, तो कप, तो घडीचा कपडा आणि घड्याळाकडे लक्ष. ते विसरा. परीक्षेत वस्तुचित्र एकदा काढून सोडून द्यायचं असतं, आपल्याला तीच वस्तू वीस वेळा काढायचीय. आरांनी फुलदाण्या, फुलं, भांडी हे विषय किती वर्षं धरून ठेवले बघा, आणि त्या काळात स्थिरचित्राला कोणी फार मानाचं समजतही नव्हतं. तुम्हीही दोन वस्तू निवडा, जास्त नको. एक चमकणारी आणि एक न चमकणारी. माझा पितळी तांब्या आणि लोणच्याची चिनी मातीची बरणी, पहिलं जवळजवळ वर्षभर मी हेच केलं आणि कंटाळा आला नाही असं म्हणणार नाही, चौथ्या-पाचव्या चित्राला भयंकर कंटाळा आला. पण दहाव्याच्या आसपास काहीतरी बदलतं. तोवर आपण तांब्या काढत असतो, म्हणजे डोक्यात असलेला तांब्या. नंतर समोरचा दिसायला लागतो.

आता रंग. आरा जलरंग आणि ग्वाश असे जाडसर लावायचे की लांबून तैलरंग वाटावेत. ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग, आपल्या शाळेतल्या पोस्टर कलरचा मोठा भाऊ म्हणा. घरी, रात्री, लहान जागेत काम करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. टर्पेंटाइनचा वास नाही, ब्रश पाण्यात धुतला की झालं, अर्ध्या तासात वाळतं. सुरुवातीला कॅमलचे पोस्टर कलर घेतले तरी चालतात, पण चोवीस बाटल्यांचा सेट घेऊ नका. पांढरा, लेमन यलो, यलो ऑकर, शेंदरी लाल, क्रिमसन, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर एवढे सात बास. पांढरा मात्र मोठा घ्या, तो सगळ्यात आधी संपतो. काळा पहिले सहा महिने आणूच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळलं की इतका खोल गडद रंग मिळतो की काळ्याची आठवण येत नाही, आणि त्यात निळा वाढवला की सावली थंड होते, अंबर वाढवला की ऊबदार, म्हणजे एका मिश्रणात दोन प्रकारच्या सावल्या. कागद तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, चारी बाजूंनी मास्किंग टेपनं बोर्डवर चिकटवलेला, नाहीतर पाण्यानं तो होडीसारखा वर येतो. ब्रश दोन फ्लॅट आणि एक गोल. एवढ्यावर वर्ष निघतं.

ग्वाशच्या दोन खोड्या आधीच सांगून ठेवते कारण यात लोक निराश होऊन सोडून देतात. एक, वाळल्यावर रंग बदलतो. फिकट रंग वाळला की थोडा गडद होतो आणि गडद रंग वाळला की थोडा फिकट, त्यामुळे ओला असताना बरोबर वाटलेला रंग सकाळी बघितला की वेगळाच दिसतो. म्हणून बाजूला त्याच कागदाचा एक तुकडा ठेवा, प्रत्येक रंग आधी त्यावर लावा, वाळू द्या, मग चित्रात. दोन, खालचा थर पाण्यानं परत सुटतो. वरून लावताना ब्रशमध्ये पाणी जास्त असेल तर खालचा रंग वर येऊन चिखल होतो. वरचा थर घट्ट लावायचा, पातळ दह्याइतका, एकदा ब्रश ठेवला की परत परत घोळायचं नाही. पण फार जाडही नको, जाड थर वाळल्यावर तडकतो आणि कागद वाकला की पोपडा निघतो.

आता एक बैठक जशी होते तशी सांगते. तांब्या आणि बरणी मांडली, लॅम्प डावीकडून. आधी डोळे बारीक करा, अगदी मिटल्यासारखे. बारीकसारीक सगळं जातं आणि फक्त उजेडाचे आणि अंधाराचे मोठे तुकडे उरतात. ते तीनच धरा, उजेड, मधला, गडद. अंगठ्याएवढ्या चौकोनात पेन्सिलनं हे तीन तुकडे भरून बघा, असे चार-पाच चौकोन, कुठला बरा दिसतो ते ठरवा, मगच मोठ्या कागदावर या. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि हे टाळलं की पुढचे दोन तास वाया जातात, माझे शेकडो तास गेलेत. वाटलं तर फोननं फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, फक्त तुलना करायला, त्यावरून चित्र काढू नका.

मग सगळा कागद अंबरच्या पातळ हातानं रंगवून टाका, पांढऱ्या कागदावर पांढराच रंग कळत नाही म्हणून. वाळला की गडद तुकडे आधी, मग मधले. तांब्याच्या गळ्याखाली जी सावली असते ती नीट बघा, ती काळी नसते, त्यात बरणीचा पिवळेपणा सांडलेला असतो, थोडा हिरवटपणा असतो आणि अगदी कडेला तुमच्या अंगावरच्या कपड्याचा रंग. पितळ म्हणजे पिवळा रंग नाहीच, पितळ म्हणजे ऑकर, अंबर आणि आजूबाजूचं सगळं घर. चमक सगळ्यात शेवटी, एका फटक्यात, आणि तिचा आकार बघून. ती गोल ठिपका नसते, खिडकी असेल तर खिडकीसारखी चौकोनी आणि तांब्याच्या पोटाबरोबर वळलेली असते.

या चमकेवरून मला एकदा फार मोठा धडा मिळाला. दुसऱ्या वर्षी एका ज्येष्ठ चित्रकारांना मी माझी सात-आठ चित्रं दाखवायला नेली. ते काही बोलले नाहीत, एक चित्र भिंतीला टेकवलं, आणि तांब्यावरच्या चमकेवर नुसता अंगठा ठेवला. म्हणाले, आता बघ, तांब्या राहिला का? नव्हता राहिला. एक तपकिरी सपाट डाग होता फक्त. म्हणजे माझा सगळा तांब्या त्या एका पांढऱ्या फटक्यावर उभा होता, त्याची गोलाई मी रंगवलीच नव्हती. घरी येऊन मी महिनाभर चमक न लावता तांब्या काढला. आजही चित्र होत आलं की मी चमकेवर अंगठा ठेवून बघते, तुम्हीही ठेवा.

आणि इथंच मला जे खरं सांगायचंय ते येतं. स्वतः शिकलेला म्हणजे एकटा शिकलेला नव्हे. लोक आरांची गोष्ट अशी सांगतात की गरीब मुलगा, गुरु नाही, कोणी नाही, आणि तरी मोठा झाला. गुरुकुल नव्हतं हे खरं, पण माणसं होती. फॉन लायडन होते, टाइम्सचे आर्ट डायरेक्टर वॉल्टर लँगहॅमर होते, चित्रं विकत घेणारे इमॅन्युएल श्लेसिंगर होते, हे तिघंही युरोपातून मुंबईत आलेले, आणि त्यांच्यामुळे इथल्या तरुण चित्रकारांना युरोपातली नवी चित्रकला जवळून कळली. शिवाय ग्रुपमधले बरोबरीचे, जे एकमेकांच्या चित्रांवर तोंडावर बोलायचे. कॉलेज चुकलं तर चुकू द्या, पण कॉलेजात जे फुकट मिळतं, म्हणजे मागून येऊन हे चुकलंय म्हणणारा माणूस, तो आपल्याला शोधून आणावा लागतो. घरचे शोधू नका, ते छान म्हणतात. फोनवर टाकलेल्या फोटोला मिळणारे अंगठेही नकोत. दोन-तीन माणसं हवीत जी स्वतः काढतात, महिन्यातून एकदा भेटतात, आणि प्रत्यक्ष चित्र समोर ठेवून बोलतात. मी प्रदर्शनांत उभी राहून अनोळखी चित्रकारांशी बोलून बोलून अशी तीन माणसं मिळवली, दीड वर्ष लागलं त्याला. चित्रकार बोलतात हो, त्यांच्या चित्राबद्दल खरंखुरं काही विचारलं तर तास तास बोलतात. हा रंग कसा आणलात असं विचारा, कितीला आहे असं विचारू नका.

बघायला जाणं हाही अभ्यासच. मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत, महिन्यातून दोनदा गेलात तरी वर्षात कितीतरी माणसांचं काम डोळ्यांखालून जातं. समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवार सोडून. सगळं बघत पळू नका. एका चित्रापुढे वीस मिनिटं उभं राहा, आधी लांबून, मग इतक्या जवळून की ब्रशचा केस दिसेल, मग परत लांबून. घरी येऊन आठवणीतून त्याचे तीन टोन, म्हणजे उजेड, मधला आणि गडद, वहीत काढा. आणि नक्कल करायला लाजू नका. व्हॅन गॉगनं १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं, तेव्हा शार्ल बार्गच्या ड्रॉइंगच्या नमुन्यांच्या नकला तो पुन्हा पुन्हा करत बसला होता. नक्कल केल्यानं आपली शैली जाते ही भीती सुरुवातीच्या माणसाला असायचं कारण नाही, जायला आधी ती यावी लागते. फक्त नकलेखाली कोणाची ते लिहा आणि ती विकू नका.

माणसं काढणं मात्र वस्तूंइतकं सोपं नाही, यात मी कमी बोलेन कारण माझा स्वतःचा हात अजून कच्चा आहे. आरांनी न्यूड, म्हणजे नग्न देह, हा विषय फार मनापासून केला आणि तोही सरळ, निर्मळ नजरेनं. घरी मॉडेल कुठून आणणार, तर स्वतःचे हात, पाय, आरशातला चेहरा इथून सुरुवात करा. लोकलमध्ये झोपलेली माणसं काढा, ती हलत नाहीत. शहरात कुठे फिगर ड्रॉइंगची बैठक होत असेल तर पैसे भरून जा, तिथे एका रविवारी जितकं कळतं तितकं फोटोवरून वर्षभरात कळत नाही.

नोकरीचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. माझं स्पष्ट मत आहे की सोडू नका, निदान पाच-सात वर्षं तरी. भूपेन खख्खर मुंबईत वाढलेले, शिकून सीए झालेले, १९६२ ला अठ्ठाविसाव्या वर्षी बडोद्याला गेले, १९६५ ला पहिलं एकट्याचं प्रदर्शन केलं, आणि पुढेही कितीतरी वर्षं अर्धवेळ हिशेबाचं काम करत राहिले. त्यांच्या चित्रांत घड्याळ दुरुस्तीवाला, शिंपी, न्हावी अशी रोजची माणसं आली, आणि २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. फ्रेंच चित्रकार हेन्री रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर कामाला होता, सुट्टीत चित्रं काढायचा, आणि ती नोकरी त्यानं एकोणपन्नासाव्या वर्षी सोडली. त्यानं रंगवलेली जंगलं जगाला माहीत आहेत पण तो फ्रान्सच्या बाहेर कधी गेला नाही, वनस्पती उद्यानात जाऊन झाडं बघायचा. महिन्याचा पगार चालू असला की चित्र विकण्यासाठी काढावं लागत नाही, आणि पहिल्या काही वर्षांत हे फार महत्त्वाचं असतं. एकदा गणपती आणि घोडे विकले जातात म्हणून तेच काढायला लागलात की मग तांब्याकडे परत येणं अवघड आहे, माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या हाताच्या माणसाचं असं झालेलं मी बघितलंय, वाईट वाटतं.

वेळेचं म्हणाल तर रोज पाऊण तास, रविवारी तीन तास. रोज नाही जमलं तर निदान वही उघडून एक कप काढा.

प्रदर्शनाची घाई नको पण फार टाळाटाळही नको. तीसेक चित्रं अशी झाली की जी तुम्हाला सहा महिन्यांनीही बघवतात, की पाठवायला सुरुवात करा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, तिचं वार्षिक प्रदर्शन असतं, राज्य कला प्रदर्शन असतं, नियम नीट वाचा, साइज, फ्रेम, तारीख, यावरच कितीतरी चित्रं परत येतात. माझी सलग चार वर्षं परत आली. त्रास झाला, खोटं कशाला बोलू, चौथ्या वेळी तर परत आणलेलं चित्र आठवडाभर कागदातून काढलंच नाही. जहांगीरला एकट्याच्या प्रदर्शनाला नंबर लागायला कित्येक वर्षं जातात, म्हणून त्याची वाट बघत बसू नका. आरांचं पहिलं प्रदर्शन रेस्टॉरंटमध्येच झालं ना. वाचनालयाचा हॉल, एखाद्या डॉक्टरांची वेटिंग रूम, सोसायटीचं ऑफिस, कुठेही दहा चित्रं नीट एका ओळीत, डोळ्यांच्या उंचीवर, चांगल्या उजेडात लागली की ते प्रदर्शनच आहे. काळ्या घोड्याजवळच्या आर्टिस्ट्स सेंटरसाठी आरांनी पुढे खूप खपून काम केलं, नव्या मुलांना जागा मिळावी म्हणून, आणि ही त्यांची बाजू मला त्यांच्या पदकांपेक्षा मोठी वाटते.

शेवटी सांभाळणं, कारण यात माझं सगळ्यात मोठं नुकसान झालंय. पहिल्या तीन वर्षांची चित्रं मी गुंडाळी करून पलंगाखाली ठेवली होती. एका पावसाळ्यानंतर उघडली तर पांढरी बुरशी, आणि चार-पाच कागद एकमेकांना चिकटलेले, सोडवताना रंगासकट सुटले. ग्वाशला ओल अजिबात चालत नाही. चित्रं सपाट ठेवा, मध्ये बटर पेपर घाला, जमिनीपासून वर कपाटात ठेवा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या औषधाच्या बाटल्यांतून येतात त्या फेकू नका. फ्रेम करायची तर काचेला चित्र चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. उन्हाच्या भिंतीवर लावू नका, स्वस्त गुलाबी आणि जांभळे रंग लवकर उडतात आणि फ्लोरोसंट तर सगळ्यात आधी, म्हणून पुढे चांगले रंग घ्याल तेव्हा ट्यूबवर लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, काय लिहिलाय ते बघून घ्या. आणि प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलनं तारीख, वस्तू, कुठले रंग वापरले आणि उजेड कुठून होता एवढं लिहा, पेन नको, शाई पुढे उमटते. त्या बुरशीतून माझं एकच चित्र धड वाचलं, मागे लिहिलंय, तांब्या, सतरावा, लॅम्प डावीकडून.